तात्यांना आम्ही उठू दिलं नाही

आमच्या गल्लीत शांतता अशी नव्हतीच. नाशकाच्या जुन्या वस्तीत, नदीकडून चढण चढून वर आलं की तांबटांची घरं लागायची, आणि घरं दिसायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. सकाळचा चहा झाला की पहिला हातोडा पडायचा, मग दुसरा, मग सगळी गल्ली ठोकायला लागायची ती दिवेलागणीपर्यंत. आमच्याकडे पाहुणे आले की पहिल्या दिवशी कानांवर हात ठेवायचे, दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसायचे आणि तिसऱ्या दिवशी आमच्यासारखेच ओरडून बोलायला लागायचे. मी लग्न होऊन मनमाडला गेले तेव्हा माझी धाकटी नणंद आठवड्याच्या आत म्हणाली, "वहिनी, आम्ही बहिऱ्या नाही हो." तोवर आपण ओरडतो हे मला ठाऊकच नव्हतं. आज इतक्या वर्षांनी नातवंडं तेच म्हणतात.

गल्लीतल्या प्रत्येक घराचा हातोडा वेगळा ओळखू यायचा. समोरच्या बाबूचा घाईघाईचा, कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याचा मधेच थांबणारा. माझ्या वडिलांचा, तात्यांचा, सावकाश पण न थांबणारा. आई स्वयंपाकघरात असली तरी तिचं घड्याळ तोच हातोडा होता. तो थांबला की ती बाजरीची भाकरी तव्यावर टाकायची, आणि तात्या हातपाय धुऊन पाटावर येईस्तोवर ती फुगलेली असायची. दोघांत बोलणं फार नसे. तात्यांना तसंही कमी ऐकू यायचं, सगळ्याच तांबटांना येतं, त्यामुळे ते बोलण्याच्या भानगडीत पडत नसत. आम्हा भावंडांशी तर नाहीच. मी बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत त्यांच्या तोंडून "पाणी दे" आणि "अभ्यास झाला का" याच्या पलीकडे फारसं काही ऐकल्याचं आठवत नाही.

तांबटाचं काम बसून चालतं. जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्याला खरवई म्हणतात. तिच्यावर भांडं पालथं घालायचं, गुडघा मुडपून पायाच्या तळव्यानं ते दाबून धरायचं, एका हातानं फिरवायचं आणि दुसऱ्यानं ठोकायचं. बघणाऱ्याला वाटतं सगळं काम हाताचं आहे. निम्मं काम मांडी करते. तात्यांची उजवी मांडी पाटासारखी होती. लहानपणी मी आणि माझा भाऊ पैज लावून तिला चिमटा काढायचो आणि चिमटीत काही यायचंच नाही. तात्या आमच्याकडे न बघता ठोकत राहायचे, पण त्यांना हसू यायचं हे मिशीवरून कळायचं.

ते पडले ते एसटीच्या टपावरून. एका दुकानदाराचे हंडे बाहेरगावी पाठवायचे होते. हमाल वर चढून बांधत होता, पण आपल्या हंड्याला कुणी दुसरा हात लावतोय हे तात्यांना बघवेना. त्याला पोचा पडला तर, म्हणून स्वतः शिडीवरून वर गेले आणि शेवटच्या हंड्यासकट खाली आले. लोक सांगत होते, पडताना त्यांनी हंडा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. हंड्याला पोचा पडला नाही. तात्यांच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं.

तेव्हा आतासारखं नव्हतं, की आज ऑपरेशन करून सळई घातली आणि उद्या कुबड्या दिल्या. पाय वर टांगून, दोरीला वजन लावून त्यांना दवाखान्यात कित्येक आठवडे ठेवलं. मग कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर घालून घरी पाठवलं. निघताना हाडांच्या डॉक्टरांनी आईला आणि माझ्या काकांना समोर उभं करून सांगितलं, "हाड जुळतंय. आराम पडू द्या, पायावर भार टाकू देऊ नका. पण बाकीचं अंग हलतं ठेवा. प्लास्टरच्या आत मांडी आवळायला लावा, दिवसातून शंभर वेळा. नाहीतर हाड जुळेल आणि पाय कामाचा राहणार नाही." आई आणि काका दोघांनी माना डोलावल्या. मी मागे पिशव्या धरून उभी होते, मीही मान डोलावली. घरी येईस्तोवर त्यातला "आराम" एवढाच शब्द आमच्याबरोबर आला होता.

पुढच्या खोलीत, रस्त्याच्या खिडकीला लागून, लोखंडी कॉट टाकली. गादीखाली फळी. आईनं कंबर कसली. तिचा नवरा लग्नापासून एक दिवस आडवा झालेला तिनं पाहिला नव्हता, आणि आता झालाय तर तिला त्याची सेवा करायची होती, पोटभर. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, हळद घातलेलं दूध, मुगाचं कढण, वर तुपाची धार. हातानं घास भरवायची. तात्यांचे हात धडधाकट होते, तरी भरवायची. ते तांब्या घ्यायला वळले की तिन्ही दिशांनी आम्ही ओरडायचो, "उठू नका!" पाणी मी पाजायची. पाठीला पावडर मी लावायची. प्लास्टरच्या आत खाज सुटली की आईची विणायची सुई घालून हलक्या हातानं मी खाजवायची. भाऊ शाळेनंतर काकांच्या हाताखाली बसायला लागला होता, म्हणून तात्या माझ्याकडे आले. मी आठवीत होते.

आणि दर रविवारी रहीमचाचा यायचे. ते देवळाली कॅम्पला राहायचे. लष्करी दवाखान्यात पायमोडक्या जवानांना चालायला शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती, आता निवृत्त झाले होते. त्यांच्या लेकीच्या लग्नाला तात्यांनी तांब्याची मोठी देग करून दिली होती आणि तिच्यात शिजलेल्या बिर्याणीचं कौतुक ते आमच्याकडे येऊन करून गेले होते, तेव्हापासूनची ओळख. तात्या पडल्याचं कळलं तसे ते बसनं येऊन हजर झाले. लांबट, हडकुळे, खाकी पँट आणि पांढरी टोपी. खोलीत शिरल्या शिरल्या त्यांनी कॉटकडे बघून नाक मुरडलं.

"तात्याभाऊ, ही खाट दुश्मन आहे बरं का. हिच्याशी दोस्ती करू नका," ते म्हणाले. मग मला जवळ बोलावलं. "बेटा, इधर ये. गुडघ्याखाली हात घाल. आता तात्या, पोरीचा हात दाबा. अस्सं. मांडी आवळा. पाच मोजेपर्यंत धरा. छोडो." प्लास्टरच्या आत काही हललंय असं मला वाटलंही नाही, पण वरच्या काठाशी तात्यांच्या अंगात एक दोर ताणला जाऊन सुटल्यासारखं झालं. "हे शंभर. पायाची बोटं वरखाली, शंभर. दोन्ही हातात वाळूच्या पिशव्या घेऊन वर, खाली. आणि हा चांगला पाय तर बैलासारखा चालला पाहिजे. बेटा, तू मोजायचं. हे तुझं काम. बाकी कुणावर भरवसा नाही माझा."

मला फार अभिमान वाटला. वहीच्या मागच्या पानावर मी रेघा आखल्या. पहिले दहा-बारा दिवस मी शाळेतून आल्यावर दप्तर टाकून गुडघ्याखाली हात घालायची आणि मोजायची. तात्या करायचे. पण दुखायचं. चाळीस-पन्नासच्या पुढं गेलं की त्यांच्या कपाळावर घाम यायचा, ओठ पांढरे पडायचे. एका दिवशी साठाव्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. रडले नाहीत, नुसतं पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. ज्या माणसाला भट्टीतला लाल पत्रा पायावर पडला तेव्हा मी हूं करताना ऐकलं नव्हतं, त्याच्या डोळ्यांत मी पाणी काढलं होतं. मी हात काढून घेतला. आई दारात उभी होती. तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, "माणूस आहे का कोण आहे तो! जीव घेतेस का बापाचा?"

त्या संध्याकाळी काका आले. नानाकाका तात्यांचे धाकटे भाऊ, त्याच खरवईवर काम शिकलेले, तात्यांवर जीव टाकणारे. आईनं त्यांना सगळं सांगितलं. काका कॉटच्या कडेला बसले, थोडा वेळ तात्यांच्या प्लास्टरवर बोटांनी टकटक करत राहिले आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यात आम्हा कुणालाच काही वावगं दिसलं नाही.

"वहिनी, तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की काय होतं? कडक होतो. अजून ठोकला की तडकतो. मग आपण काय करतो? भट्टीत लाल करतो आन् निवांत ठेवतो. हात नाय लावत. मग तो परत मऊ होतो, वाट्टेल तसा वळतो. दादाचं अंग पंचवीस वर्षं ठोकून ठोकून कडक झालंय. हाड काय उगीच तडकलं? आता त्याला शेक द्या, तूप द्या आन् निवांत पडू द्या. त्या चाचाला पलटणीतल्या पोरांचं कळतं, आपल्या अंगाचं काय कळणार?"

तात्यांनी डोळे मिटूनच "बरोबर आहे" म्हटलं. आईनं पदरानं डोळे पुसले. पत्र्याबद्दल काका एक अक्षर चुकीचं बोलले नव्हते. आमच्या घरात तांब्यापेक्षा जास्त माहिती असलेली दुसरी वस्तूच नव्हती, आणि तात्यांचं अंग त्याच तांब्याजवळ घडलेलं, मग त्याला वेगळा कायदा कशाला असेल? माझी नात आता अंग चालवायला शिकवण्याचंच शिक्षण घेते आहे. तिला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आजी, नेमकं उलटं! तांबं आरामानं परत कामाचं होतं, स्नायू आरामानं संपतो. जो वापरला जात नाही तो पोसायचा कशाला, असं शरीर ठरवतं आणि तो मोडून खायला लागतं. पहिल्या आठवड्यांतच." तिच्या पुस्तकात ते एका परिच्छेदात दिलंय. आमच्या घरात ते कळायला पाय गेला.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहावं लागू नये म्हणून मी हे प्रकरण तीनदा पुढं ढकललं. रविवार आला. आईनं सकाळीच मला स्वयंपाकघरात घेऊन सांगितलं, "चाचा एवढ्या लांबून येतात बिचारे, त्यांचं मन मोडायचं नाही. विचारलं तर हो म्हणायचं." चाचा आले. टोपी काढून वारा घेत त्यांनी विचारलं, "काय बेटा, शंभर?" मी म्हटलं, "हो चाचा. रोज." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. वहीतल्या रेघा बघायला मागतील म्हणून मी आदल्या दिवशी त्या भरूनही ठेवल्या होत्या, सात दिवसांच्या, वेगवेगळ्या शाईनं. त्यांनी वही मागितलीच नाही. आईनं त्यांना लाडू दिले. तात्या खिडकीकडे बघत होते.

आईनं सांगितलं म्हणून मी खोटं बोलले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं की, तात्या झोपून राहिलेले मला आवडत होते. दुपारी शाळेतून आलं की ते माझी वाट बघत असायचे. मी पेपर मोठ्यानं वाचायची, ते ऐकायचे. पत्ते खेळायचो, ते राजरोस चीटिंग करायचे आणि पकडलं की कान दाखवून ऐकू येत नाही म्हणायचे. रस्त्यावरचे हातोडे ऐकून मला सांगायचे, "हा बाबू. पत्रा मारतोय का चोर मारतोय?" मी हसून लोळायची. त्यांच्या लहानपणी नदीच्या पुरात वाहत आलेला पेटारा, त्यांच्या आईचं गाणं, पहिल्यांदा केलेलं वाकडं ताम्हन, सगळं मला त्या खाटेवर मिळालं. इतक्या वर्षांत माझा बाप माझ्या वाट्याला आलाच नव्हता, आणि आता तो सकाळ-संध्याकाळ माझ्या ताब्यात होता. ते बरे व्हावेत असं मला वाटायचं, देवाला मी तेच मागायची. पण इतक्यात नको, असंही वाटायचं. गुडघ्याखाली हात घातला की ते घामाघूम होऊन भिंतीकडे तोंड करायचे. हात नाही घातला की पत्ते पिसायचे. आठवीतल्या मुलीनं काय निवडलं असतं? मी पत्ते निवडले.

खाऊन-पिऊन तात्यांचा चेहरा भरला, पोट सुटलं. येणारे-जाणारे म्हणायचे, "वा, तब्येत सुधारली की!" आईचा चेहरा उजळायचा. त्यांचे दंड मात्र सदऱ्याच्या बाहीत हलायला लागले होते. ते मला दिसायचं आणि मी बाही खाली ओढायची. वाळूच्या पिशव्या आईनं कधीच्या दारामागे ढकलल्या होत्या.

प्लास्टर काढलं त्या दिवशी चाचा दवाखान्यात आमच्या आधी येऊन बसले होते. करवतीनं प्लास्टर कापलं, त्याचे दोन्ही अर्धे भाग उघडले आणि आतून जे निघालं ते माझ्या तात्यांचं नव्हतं. एखाद्या आजारी म्हातारीचा पाय असावा तसा तो पाय होता. कातडी कोंड्यासारखी सुटत होती. गुडघा मोठा दिसत होता कारण त्याच्या वर मांडी उरलीच नव्हती. तात्यांनी मान उचलून बघितलं आणि परत उशीवर टाकली. चाचांनी खिशातून सुतळी काढली, डाव्या मांडीला गुंडाळून गाठ मारली आणि तोच फास उजव्या मांडीत घातला. तो सैल पडला, इतका की त्यात त्यांचा सगळा पंजा मावला. डावी मांडीसुद्धा काही पूर्वीची नव्हती.

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडाला धरून हाड उत्तम जुळल्याचं सांगितलं. मग त्यांनी पायाकडे बघितलं आणि चाचांना विचारलं, "व्यायाम झाला नाही का?"

चाचा माझ्याकडे वळले. रागावून नाही, नुसतं विचारायला. "बेटा, रोज केलं होतं ना? शंभर?"

खोलीत आई होती, काका होते, तात्या होते. मी म्हटलं, "हो चाचा. रोज शंभर."

चाचांनी सुतळी हळूहळू बोटांना गुंडाळली. "मग माझंच चुकलं, डॉक्टरसाब," ते म्हणाले. "पोरीनं केलंय. शंभर पुरले नाहीत. उमर झाली की शंभर पुरत नसतील, माझ्या ध्यानात नाही आलं. पुढच्या माणसाला मी दोनशे सांगीन." मग तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माफ करा, तात्याभाऊ." तात्यांनी त्यांचा हात थोपटला. काका फरशीकडे बघत होते. मला वाटतं त्या क्षणी काकांना तांब्याचं आणि माणसाचं गणित वेगळं असल्याचं कळलं होतं, पण ते बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. बाहेर आल्यावर आईनं चाचांना आग्रह करून लाडवांचा डबा दिला. तो घेऊन ते बसस्टँडकडे गेले. त्यानंतर दोनेक रविवार आले, मग त्यांचं येणं बंद झालं. देवळाली काही लांब नव्हती. अर्ध्या-पाऊण तासाची बस. मी कधी गेले नाही.

अजूनही वेळ होता. डॉक्टर म्हणाले होते, रोज उभं करा, गुडघा वाकवा, रडले तरी वाकवा. पहिल्याच दिवशी काका आणि भावानं त्यांना काखेत धरून उभं केलं, आणि सोडून बघावं म्हणून क्षणभर हात काढला तशी उजवी मांडी नुसती मिटली. ते कॉटच्या कडेवर आपटले. हाडाला काही झालं नव्हतं, पण आईनं जो टाहो फोडला त्यानं गल्लीतले हातोडे थांबले. "कच्चं आहे अजून, कच्चं आहे, म्हटलं नव्हतं मी?" परत शेक, परत तूप, परत निवांत. महिना गेला, दुसरा गेला. तात्या पडून राहतायत म्हणून पाय जातोय, हे आमच्या डोक्यात शिरेना. पाय गेलाय म्हणून पडून राहावं लागतंय, असंच आम्हाला दिसत होतं. गुडघा तोवर अर्ध्यात अडकून बसला होता. पुढं माझ्या सासूबाईंची कंबर मोडली तेव्हा मी त्यांना डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळी उभं करायची. त्या मला कैदाशीण म्हणायच्या, शेजारणींना हाका मारायच्या. मी ऐकून घेतलं आणि चालवलं. वर्षभरात त्या भाजी आणायला जायला लागल्या. त्यांना जाताना बघून मी मोरीत जाऊन रडायची, ते कशासाठी हे त्यांना कधी सांगता आलं नाही.

तात्या काठी घेऊन चालायला लागले ते थंडी सरताना. आणि एका सकाळी, चहा झाल्यावर, कुणाला काही न सांगता ते कारखान्याच्या पायऱ्या उतरले. कारखाना म्हणजे आमच्याच घराच्या मागची खोली. मी त्यांच्या मागोमाग गेले. काकांनी हातातला हातोडा खाली ठेवला, भावानं गोणपाट झटकून पसरलं. खरवईवर एक अर्धं झालेलं घंगाळ होतं. तात्यांनी काठी भिंतीला टेकवली, काकांच्या खांद्याचा आधार घेतला आणि खाली बसायला लागले. डावा पाय मुडपला. उजवा समोर सरळ राहिला. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि जवळ ओढला. तो आला नाही. परत ओढला. तळवा भांड्यापर्यंत पोचायला वीतभर कमी पडत होता. काका म्हणाले, "दादा, मी धरतो भांडं, तू नुसतं ठोक." काकांनी घंगाळ पायानं दाबून धरलं. तात्यांनी हातोडा उचलला. सहा ठोके मारले. मी मोजले, कारण मोजणं हे माझं काम होतं. सातव्याला हातोडा खांद्यापर्यंत गेलाच नाही. त्यांनी तो बाजूला ठेवला, घंगाळावरून हात फिरवला आणि म्हणाले, "नाना, कड जरा जाड राहिलीय, बघून घे." मग मला हाक मारली, "विजू, उठव मला."

मी काखेत हात घालून त्यांना उठवलं. किती हलके झाले होते, पोट सुटलेलं असूनही. आईनं आतून विचारलं, "भाकरी टाकू का?" त्यानंतर तात्या कधीही कारखान्यात उतरले नाहीत. पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे. गिऱ्हाइकांशी बोलायचे, भांडी पुसून ठेवायचे. माणूस त्यांच्यातून हळूहळू निघून गेला. माझ्याशी पत्ते खेळायला आता त्यांना वेळच वेळ होता, पण त्यांनी पत्ते पुन्हा हातात घेतले नाहीत आणि मलाही "चला, खेळू" म्हणायचा धीर झाला नाही. मी जे राखायला गेले होते तेही गेलं.

काही वर्षांनी मला बघायला मनमाडहून मंडळी आली. मुलगा रेल्वेत होता. मुलाची आई, एक मामा आणि तो. पुढच्या खोलीत जाजम अंथरलं, तात्या खुर्चीत इस्त्रीचा सदरा घालून बसले, काठी दाराआड लपवली. मी पोह्यांच्या बशा घेऊन आले, खाली मान घालून बसले. नाव, शिक्षण, विणकाम येतं का, सगळं झालं. मग मुलाच्या आईनं सहज विचारलं, "मुलीला घरातल्या माणसाचं करायची सवय आहे ना? आमच्याकडे मोठी माणसं आहेत."

तात्या एरवी अशा बैठकीत बोलत नसत. त्या दिवशी ते खुर्चीत पुढं सरकले. त्यांचा आवाज तोच होता, गल्लीत घडलेला, मोठा. "सवय?" ते म्हणाले. "बाई, मी चार-सहा महिने खाटेवर होतो. शाळा करून या पोरीनं माझं केलं. मला कुशीवर वळायचे कष्ट पडू दिले नाहीत. तांब्या उचलू दिला नाही. दवाखान्यातल्या लोकांनी व्यायामाच्या नावाखाली मला पिळून काढायचं ठरवलं होतं, तर हिनं माझ्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि सरळ हात काढून घेतला. त्यांच्याशी खोटं बोलली माझ्यासाठी! एवढीशी होती. माझ्या अंगाला तिनं जरा म्हणून त्रास होऊ दिला नाही."

मुलाच्या आईचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मामांकडे बघून मान हलवली. आई दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. पाया पड, असं तिनं मला खुणावलं. मी उठले. आधी मुलाच्या आईच्या पाया पडले, मग मामांच्या, आणि मग तात्यांसमोर वाकले. त्यांचा उजवा पाय खुर्चीपुढे सरळ ठेवलेला होता, धोतरातून काठीसारखा. मी त्याच पायावर डोकं ठेवलं. तात्यांनी माझ्या केसांवर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि मला उठायला उशीर होतोय हे बघून पाहुण्यांना कौतुकानं म्हणाले, "सासरी जायचं म्हणून आत्तापासूनच रडतेय."